राखणदाराची शिकवणी

महेश्वरने कॉम्प्युटरच्या मागची वायर ओढली तसे अजिनाथ खुर्चीवरून उठलेच.

“हळू, हळू! ती वायर सैल हाय. म्या धा वर्सं तिला हात लावला न्हाय.”

“मामा, नुसता प्रोग्राम टाकतोय. कॉम्प्युटरचं ऑपरेशन नाही करत.”

“टाका की. पर जरा बेतानं टाका,” असं म्हणून अजिनाथ हात मागे बांधून उभे राहिले. दवाखान्यात आत नेलेल्या नातेवाइकाची वाट बघताना माणूस उभा राहतो, तसे.

सोलापुरात बाळीवेशीत मडिवाळप्पांचं शेंगाचटणीचं आणि कडक भाकरीचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि अजिनाथ. सोलापूर सोडून गेलेल्या आणि त्याचा पश्चात्ताप झालेल्या लोकांना इथून पार्सलं जातात. त्यांच्या ऑर्डरी घेणं, पत्त्यांची लेबलं छापणं, बिलं करणं, सगळं अजिनाथ बघत. बावीस वर्षं ते रोज मंद्रूपहून बसने येत होते. या काळात दुकानाची पाटी बदलली, प्रिंटर तीनदा बदलला, अजिनाथ मात्र तेच राहिले.

महेश्वर हा मडिवाळप्पांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करायचा. महिन्यापूर्वी तो नोकरी सोडून घरी आला आणि ‘स्वतःची कंपनी काढतोय’ असं सगळ्यांना सांगू लागला. खरं कारण वेगळं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी एकट्याने स्टीलच्या ताटात आईच्या हातची कडक भाकरी मोडायला बसलं की त्याला रडू यायचं. असलं कारण कुणाला सांगता येत नाही. स्टार्टअपचं सांगता येतं.

मडिवाळप्पांनी त्याला अट घातली होती.

“कंपनी काढ, माझी ना नाही. पण बाहेरचं एक गिऱ्हाईक आणून दाखव. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर पुण्याला परत जायचं. तुझ्या साहेबानं खुर्ची धरून ठेवलीया म्हणतोस ना?”

“आणि मी नुसता दुकानात बसलो तर?”

“यप्पा! इंजिनिअर झालेलं पोरगं गल्ल्यावर बसलं तर बाळीवेस काय म्हणंल? पुण्यातनं हाकलला म्हणंल.”

महेश्वरची आई चन्नम्मा स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांच्या हातून चार भाकऱ्या करपल्या. भाकऱ्यांवर पोट असलेल्या घरात ही साधी गोष्ट नव्हती.

म्हणून हा प्रोग्राम. महेश्वरने त्याचं नाव ठेवलं होतं ‘राखणदार’. वडिलांना तो कॉम्प्युटरसमोर उभं करून समजावू लागला.

“अप्पा, गड्ड्याच्या जत्रेत पोलीस खिसेकापूंचे फोटो घेऊन उभे राहतात. पण यंदा नवीनच खिसेकापू आला, तर त्याचा फोटो कुणाकडं असणार? व्हायरसचं तसंच आहे. रोज नवीन निघतो. म्हणून माझा राखणदार तोंड बघतच नाही, वागणं बघतो. या कॉम्प्युटरवर रोज काय काय चालतं ते आधी दोन आठवडे बघून ठेवतो. मग त्याच्यापेक्षा वेगळं कुणी वागलं, की धरतो.”

“म्हणजे दोन आठवडे तो काम करणार नाही? नुसता बघणार?”

“हो. बघून शिकणार.”

“ठेव मग,” मडिवाळप्पा म्हणाले. “नुसतं बघत बसणारी दोघं दुकानात हैतच. त्यात हा तिसरा.”

महेश्वर अजिनाथांकडे वळला. “मामा, तुम्ही रोज जसं करता तसंच करायचं. कमी नाही, जास्त नाही. तो तुमचं बघून शिकणार आहे.”

“माजं बगून?” अजिनाथांना ते खरं वाटेना. त्यांची स्वतःची मुलंसुद्धा त्यांचं बघून काही शिकली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. राखणदाराला डोळे नाहीत हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी शर्ट बदलला नसता. समोर शिकाऊ पोर बसलंय म्हटल्यावर कसं वागायचं याची त्यांना जाणीव होती.

ते दोन आठवडे महेश्वरने काय केलं? व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. पुढच्या खोलीतली शेंगदाण्याची पोती मागे लावून तिथे आपल्या कंपनीसाठी जागा केली. भिंतीला आकाशी रंग दिला, तो आवडला नाही म्हणून पांढरा दिला. राखणदार नक्की काय शिकतोय, हे मात्र त्याने एकदाही उघडून पाहिलं नाही. शिकवणी लावली की पोरगं हुशार होणारच, असं समजणाऱ्या आईबापांसारखं त्याचं झालं.

दोन आठवडे संपले. राखणदार पहाऱ्याला उभा राहिला. पहिला दिवस अजिनाथांनी काम केलं आणि राखणदाराने चकार शब्द काढला नाही. कोपऱ्यात हिरवा दिवा दिवसभर तेवत राहिला. महेश्वर इतका खूश झाला की त्याने लगेच प्रियदर्शनी मॅडमना फोन लावला.

प्रियदर्शनी मॅडमचा विजापूर रोडच्या पार टोकाला टॉवेलचा कारखाना होता. दिवाळीत त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्या फायलींना एका व्हायरसने कुलूप घातलं होतं आणि परदेशी जायचा माल आठवडाभर गोदामात पडून राहिला होता. तेव्हापासून त्यांचा कुणाच्या बोलण्यावर विश्वास उरला नव्हता.

“परवा येते,” त्या म्हणाल्या. “भाषण नको. मी एक खोटा व्हायरस घेऊन येईन. तुमच्या राखणदारानं पकडला, तर बोलू.”

दुसऱ्या दिवशी अजिनाथांच्या मेहुणीच्या नातवाचं जावळ होतं. ते रजेवर गेले. नेमकं त्याच दिवशी कुरिअरची गाडी यायची होती, म्हणून लेबलं काढायला महेश्वर स्वतः बसला. मोबाईलवर आलेल्या ऑर्डरींची फाईल कॉम्प्युटरवर घेऊन उघडली. कोपऱ्यातला हिरवा दिवा लाल झाला.

‘संशयास्पद वर्तन. काम थांबवले आहे.’

महेश्वरने पुन्हा उघडली. पुन्हा लाल. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. लाल. नवं बिल करून पाहिलं. लाल. आपणच जन्माला घातलेला प्रोग्राम आपल्याला दारात उभं करत नाही, हे पाहून त्याला घाम फुटला.

“काय झालं रे?” मडिवाळप्पांनी बाहेरून विचारलं.

“काही नाही, अप्पा. राखणदार जरा जास्तच जागा आहे.”

कुरिअरची गाडी येऊन उभी राहिली. पार्सलं बांधून तयार, पण एकावरही पत्ता नाही. चन्नम्मांना हे पाहवेना. मुलाची अब्रू जाते म्हटल्यावर त्यांनी मोबाईल आणि पेन घेतलं आणि ऑर्डरींचे पत्ते बघून त्या हाताने लिहायला बसल्या. अक्षर सुरेख, वळणदार. सगळी पार्सलं भराभर झाली. ड्रायव्हरने पहिलं उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

“अव्वा, हे काय लिहिलंय?”

“पुणे. दिसत नाही का?”

“अव्वा, हे पुणं कानडीत हाय. ही गाडी पुण्याला गेली तर तितं कुणाला वाचता येणार? आन ज्याला वाचता येईल तो बेंगळुरूला पाठवून देईल.”

चन्नम्मांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, शाळा कानडी. मराठी त्या फडाफडा वाचत, पण घाई झाली की हात आपोआप माहेरच्या वळणावर जायचा. त्यांनी जीभ चावली. महेश्वरने अजिनाथांना फोन लावला. मागे जावळाचं पोरगं बेंबीच्या देठापासून रडत होतं.

“मामा, तुम्ही सकाळी सगळ्यात आधी काय करता?”

“सगळ्यात आधी? बस धरतो की.”

“ऑफिसात आल्यावर.”

“हात धुतो.”

“मामा, कॉम्प्युटरवर! कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्यात आधी काय करता?”

“श्री काढतो.”

“काय?”

“श्री! कोरा कागद उघडायचा, त्यावर श्री लिवायचा, त्याला ठिवून द्यायचा, मंग बाकीचं. श्री काडल्याबिगर कामाला हात कसा लावायचा? तुमी न्हाय काडला व्हय?” अजिनाथांच्या आवाजात खरी काळजी होती.

महेश्वरने नवी फाईल उघडली, तीत ‘श्री’ लिहिलं आणि जतन केली. दिवा हिरवा झाला. प्रिंटरमधून लेबलं सरसर बाहेर येऊ लागली. मग त्याने सहज शोधून पाहिलं, तर कॉम्प्युटरमध्ये नुसत्या श्रीच्या शेकड्यांनी फायली होत्या.

त्याला हसू आलं आणि आपल्या प्रोग्रामचा अभिमानही वाटला. केवढी बारीक गोष्ट शिकला! नव्याने शिकवायला आता वेळ नव्हता आणि त्याची गरजही त्याला वाटली नाही. अजिनाथ सगळ्यात आधी काय करतात हे त्याने विचारलं. त्यानंतर काय करतात हे विचारायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

प्रियदर्शनी मॅडम सांगितल्याप्रमाणे सकाळीच आल्या. अजिनाथ आलेले होते, श्री निघालेला होता, दिवा हिरवा होता. महेश्वरने खुर्ची पुढे केली. पण पाहुणी घरात पाऊल टाकते आणि सरळ कॉम्प्युटरसमोर बसते, हे चन्नम्मांना मान्य नव्हतं. आधी चहा आला. मग धपाटे आले. मग माहेर कुठलं, हे विचारून झालं. ते माढ्याचं निघालं. माढ्याला चन्नम्मांच्या धाकट्या बहिणीचे व्याही होते. मग ते व्याही आणि मॅडमच्या आत्या एकाच गल्लीतले निघाले. महेश्वर दारातून खुणा करत होता. चन्नम्मांनी त्याचा अर्थ आणखी धपाटे हवेत असा घेतला.

“तुमच्या आई फार प्रेमळ आहेत,” अखेर कॉम्प्युटरसमोर बसताना मॅडम म्हणाल्या. तोवर जेवणाची वेळ झाली होती आणि अजिनाथ हात धुवायला मागे गेले होते.

मॅडमनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. “यात खोटा व्हायरस आहे. हा सगळ्या फायलींना कुलूप घालतो, पण त्याची किल्ली माझ्याकडे आहे. नुकसान होणार नाही. लावू?”

“लावा,” महेश्वर म्हणाला. मागे मडिवाळप्पा येऊन उभे राहिले होते. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण आज पोराचं पुण्याला जाणं न जाणं ठरणार, एवढं कळत होतं. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं.

व्हायरस सुटला. पडद्यावरच्या फायलींवर एकामागून एक कुलपाची खूण उमटू लागली. ऑर्डरी, बिलं, पत्ते, अगदी श्रीसुद्धा. सगळे राखणदाराच्या दिव्याकडे बघत होते. दिवा हिरवा. अर्ध्या फायली झाल्या, दिवा हिरवा. सगळ्या झाल्या. मग राखणदाराने शांतपणे अक्षरं उमटवली:

‘वापरणारा: अजिनाथ. वर्तन: नेहमीचे. धोका: नाही.’

“अजिनाथ कोण?” मॅडमनी विचारलं.

“मी,” टॉवेलला हात पुसत अजिनाथ दारातून म्हणाले. “पर मी तर हितं हाय.”

मॅडमनी आपली किल्ली टाकून कुलपं उघडायला सुरुवात केली. लगेच दिवा लाल.

‘संशयास्पद वर्तन. काम थांबवले आहे.’

त्यांनी पुन्हा केलं. लाल. महेश्वरने केलं. लाल. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या.

“म्हणजे तुमचा राखणदार चोराला दार उघडून देतो, वर त्याला नावानं हाक मारतो. आणि चोरी परत करायला आलेल्याला धरतो.”

अजिनाथ पुढे येऊन पडदा निरखत होते. “कुलपं लागली?” ते चकित होऊन म्हणाले. “कुणी लावली? खुर्ची बाईंना दिली म्हनून म्या तर आजून हात बी लावला न्हाय.”

“मामा,” महेश्वर हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही फायलींना कुलूप लावता?”

“मंग! रोज, जेवायला उटताना. समद्या फायलींना. जेवून आलो की काडतो.”

“का?”

“मालकांचा नेम हाय. जाग्यावरनं उटायचं तर कुलूप लावून उटायचं.”

सगळ्यांनी मडिवाळप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. “अरे, ते मी गल्ल्याचं सांगितलं होतं! तू नवीन होतास तेव्हा!”

“व्हय की. तवा माझ्याकडं गल्ला हुता. मंग तुमी ह्यो कॉम्प्युटर दिला. नेम कुटं बदलला?”

मॅडम आता पुढे सरसावून बसल्या होत्या. “आणि संध्याकाळी घरी जाताना काय करता?”

“संध्याकाळी गल्ल्यात काय ठेवायचं न्हाय, ह्यो दुसरा नेम. म्हनून समदं पेनड्राइव्हमदी भरतो, कॉम्प्युटर रिकामा करतो आन घरी नेतो. नुसते श्री तेवडे ठेवतो, देवाचं नाव पुसायचं न्हाय. सकाळी आलो की बाकीचं पुन्ना भरतो.”

“रोज?”

“रोज. वंगाळ काम करत न्हाय मी.”

महेश्वर शेंगदाण्याच्या पोत्यावर बसला. व्हायरस करतो तरी काय? फायलींना कुलूप घालतो, माल बाहेर नेतो आणि मागचं पुसून टाकतो. हे तिन्ही अजिनाथ गेली कित्येक वर्षं नेमाने, इमानेइतबारे करत आले होते. राखणदाराने दोन आठवडे बसून ते मन लावून पाहिलं होतं. मॅडमचा व्हायरस आला तो नेमका जेवणाच्या वेळी, आणि त्याने हुबेहूब अजिनाथांसारखं केलं. राखणदाराने ओळख दाखवली, यात त्याचं काय चुकलं?

“आता ही कुलपं उघडायची कशी?” मडिवाळप्पांचा आवाज चढला. “आजच्या ऑर्डरी आत अडकल्या की!”

महेश्वरने कपाळाला हात लावून विचार केला. “तो अजिनाथमामांना उघडू देईल. पण रोज जेवण झाल्यावर उघडतात ना, तसं. त्याच्याआधी नाही.”

“मग पानं वाढते,” चन्नम्मा आतून म्हणाल्या. इतक्या गोंधळात एकट्या त्यांचा आवाज समाधानी होता.

इलाजच नव्हता. मॅडमसकट सगळे जेवायला बसले. एण्णेगाई म्हणजे तेलावरची भरली वांगी होती, दही होतं, शेंगाचटणी होती आणि आमटीत चुरायला कडक भाकरी होती. “ऊटा माडरी, सावकाश जेवा,” चन्नम्मा आग्रह करत होत्या. महेश्वर नुसताच भाकरी चुरत राहिला. उद्यापरवाची पुण्याची गाडी, तो फ्लॅट, ते स्टीलचं ताट, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि त्याने मान खाली घातली. मडिवाळप्पांनी ते पाहिलं. त्यांनी चटणीची वाटी त्याच्याकडे सरकवली. एकटे अजिनाथ रोजच्यासारखे शांतपणे जेवत होते. शेवटचा ताकाचा घोट घेईपर्यंत सगळे त्यांच्याकडे बघत होते, म्हणून ते जरासे लाजले.

मग त्यांनी हात धुतले, खुर्चीत बसले आणि मॅडमनी सांगितलेली किल्ली टाकली. दिवा हिरवा. कुलपं पटापटा निघाली. मडिवाळप्पांनी सुस्कारा सोडला.

“हा काय काय शिकला ते दाखवता का?” मॅडमनी महेश्वरला विचारलं.

महेश्वरने उदासपणे दोन आठवड्यांचा आलेख उघडला. एकेका दिवसाची एकेक रेघ. मॅडमनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं.

“तुम्ही चुकून एकाच दिवसाची रेघ सगळीकडे चिकटवलीत.”

“नाही, मॅडम. वेगवेगळे दिवस आहेत.”

“एकसारखे? एका मिनिटाचाही फरक नाही?”

“न्हाय कसा,” अजिनाथ मध्येच म्हणाले. “ह्या शुक्रवारी बस पंक्चर झाली हुती.” आणि खरोखरच एक रेघ जराशी पुढे सरकलेली होती.

मॅडम महेश्वरकडे वळल्या. “तुमचा प्रोग्राम मला नको. यानं व्हायरस ओळखला नाही. सुधारून आणा, पुन्हा बघीन. पण एक सांगते, यानं माणूस बरोबर ओळखलाय. माझ्या कारखान्यात कोण कधी येतं, काय अर्धवट टाकून कधी जातं, ते देवाला ठाऊक. कागदावर सगळेच प्रामाणिक असतात. असा दाखला मी जन्मात पाहिला नाही.” मग त्या अजिनाथांना म्हणाल्या, “काका, तुम्ही मंद्रूपहून येता असं मघाशी ऐकलं. ती बस आमच्या गेटसमोर थांबते. माझ्या गोदामाचं काम सांभाळाल?”

मडिवाळप्पांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

“अजिनाथ,” ते कसेबसे म्हणाले, “माझ्याकडं काय कमी पडलं?”

“कमी कायबी न्हाय, मालक. पर बस सात रस्ता चौकात सोडती. तितनं हितवर उनातनं चालत येतो. गुडगं ऐकत न्हाईत आता.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुमी इचारलं न्हाय की,” अजिनाथ म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, म्हणून मडिवाळप्पांना ते जास्तच लागलं. बावीस वर्षांत या माणसाचं त्यांनी एकदाही कौतुक केलं नव्हतं. आणि आज परकी बाई रेघा बघून करते आहे! त्यांना वाईट वाटलं, रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. शेवटी तो मुलावर निघाला.

“गिऱ्हाईक आणलंस खरं! पण त्यानं माल ठेवून माणूसच उचलला.”

“चूक झाली, अप्पा. मी उद्याच पुण्याला—”

“जाऊ द्या की त्यांना,” चन्नम्मा म्हणाल्या.

“कुणाला? ह्याला?”

“अजिनाथना हो. गुडघे दुखतात म्हणतात ना. इतकी वर्षं उन्हातनं आले, आता सावलीला बसू देत.” त्या पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. “पण मग ही खुर्ची रिकामी पडणार. त्याचं काय करायचं ते बघा तुम्ही. बाहेरचा माणूस ठेवायचा म्हटलं तर कॉम्प्युटर येणारा पाहिजे, भरवशाचा पाहिजे, शिवाय आपल्याकडंच जेवणारा असला तर बरा.”

मडिवाळप्पांनी बायकोकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मग पुन्हा बायकोकडे. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, त्यामुळे त्यांना फार वेळ लागला नाही.

“आणि बाळीवेस काय म्हणंल?” त्यांनी विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

“म्हणंल, अजिनाथची जागा चालवायला इंजिनिअर लागला.”

मॅडमना हसू आवरेना. अजिनाथांनी मान खाली घातली, पण इस्त्रीच्या शर्टाच्या आत त्यांची छाती फुगलेली सगळ्यांना दिसली. मडिवाळप्पांनी घसा खाकरला.

“जा तू, अजिनाथ. बाईंकडं नीट काम कर. पण जायच्या आधी ह्याला शिकवून जा. महिनाअखेरपर्यंत.”

अजिनाथांनी शिकवलं. राखणदाराला शिकवलं होतं तसंच, काही न गाळता. मागे उभं राहून ते महेश्वरच्या प्रत्येक क्लिकवर ‘व्हय’ किंवा ‘न्हाय’ म्हणत. राखणदार मात्र महेश्वरने बंद करून ठेवला, कारण तो अजूनही अजिनाथांचीच वाट बघत होता.

नवा महिना लागला त्या दिवशी सकाळी पुण्याच्या साहेबांचा फोन आला. अजिनाथांचा टॉवेलच्या कारखान्यातला तो पहिला दिवस होता आणि महेश्वर खुर्चीत एकटाच होता.

“महेश्वर, तुझी खुर्ची ठेवू की देऊन टाकू?”

“देऊन टाका, सर. मला इथं जागा मिळाली.”

“अरे वा! पोस्ट काय आहे?”

“अजिनाथ,” तो म्हणाला.

“ही काय नवीन पोस्ट निघाली?”

“जुनी आहे, सर. बावीस वर्षं एकाच माणसानं सांभाळली.”

“मग जबाबदारी मोठी असणार,” साहेब गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्यात बाहेरून मडिवाळप्पांचा आवाज आला. “ए! फोनवर काय गप्पा हाणत बसलास? कुरिअरवाला दारात उभा हाय! लेबलं कुठं हैत? का मी येऊन काढू?”

घरी आल्यापासून मडिवाळप्पा एरवी त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होते. जेवलास का, झोप लागली का, पंखा वाढवू का. दुकानातल्या माणसावर ओरडावं तसं ते त्याच्यावर ओरडले ते आज पहिल्यांदा, आणि तेही लेबलांसाठी. महेश्वरला इतकं बरं वाटलं की तो फोन कानाला लावलाय हेच विसरला.

“तुझे बॉस फार कडक दिसतात,” साहेब फोनवर म्हणाले.

“हो, सर. फार,” महेश्वर म्हणाला. आवाजातला आनंद त्याला काही केल्या लपवता आला नाही, म्हणून त्याने घाईघाईने फोन ठेवला आणि लेबलं काढायला बसला.